घरी थाई पद्धतीचा मँगो स्टिकी राइस करायचाय, इंद्रायणी किंवा आंबेमोहोर जास्त पाणी घालून शिजवला तर चालेल का? की थोडं कॉर्नफ्लॉवर घालू?

नाही चालणार, त्याला चिकट तांदूळ ही वेगळीच जात लागते. कॉर्नफ्लॉवर तर अजिबात नको.

खरं तर दोन ओळीत उत्तर देऊन पुढे जाणार होतो, पण "जास्त पाणी घालून" हे वाचलं आणि राहवेना. हेच वाक्य मी माझ्या स्वतःच्या घरात इतक्या वेळा ऐकलंय की आता कुणी म्हटलं की छातीत काहीतरी होतं. म्हणून जरा लांबण लागेल.

आम्ही मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजऱ्याचे. घरची भातशेती, घनसाळ जातीच्या सुवासिक तांदळाची. ज्यांना माहितीये त्यांना वेगळं सांगायला नको, भात शिजायला लागला की वास रस्त्यापर्यंत येतो, त्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालंय. त्यामुळे तांदळाच्या बाबतीत आमच्या घरात प्रत्येकजण तज्ज्ञ, आणि सगळ्यात मोठा तज्ज्ञ आमचा दादा. मी धाकटा, बँकेत लागलो आणि २००९ मध्ये बदली झाली थेट आसामला, जोरहाटला. एकटाच होतो. ज्यांच्या घरात भाड्याने राहत होतो त्या घरमालकीणबाईंना मी बाइदेउ म्हणायचो, म्हणजे आसामीत मोठी ताई. त्यांनी मला तिथल्या माझ्या पहिल्याच जानेवारीत बिहूच्या, म्हणजे त्यांच्या सुगीच्या सणाच्या, आदल्या रात्री, उरुका म्हणतात त्या रात्रीला, शेकोटीपाशी बसवून एक कोवळ्या बांबूची नळी हातात दिली. वरून जळून काळी झालेली. ती उसासारखी सोलायची आणि आतून पांढऱ्या भाताची अख्खी कांडी निघते, बांबूच्या आतल्या पातळ पापुद्र्यासकट. सुंगा साउल. त्यावर दही आणि गूळ. मी घनसाळच्या घरातला माणूस, तांदूळ काय असतो मला कुणी शिकवायची गरज नाही असं मलाही वाटायचं, पण त्या रात्री कळलं की मला अर्धाच तांदूळ माहीत होता.

तो तांदूळ म्हणजे बोरा साउल, साउल म्हणजे आसामीत तांदूळ. कच्चा दाणा हातात घेतला तर आपल्या तांदळासारखा काचेरी नसतो, खडूसारखा पांढराफटक, आरपार काही दिसत नाही. त्याचंच पीठ ओलसर कुटून तव्यावर पसरून काळे तीळ आणि गूळ भरून तिळ पिठा करतात, आणि सकाळच्या न्याहारीला, जलपान म्हणतात, तोच भात दह्यागुळाबरोबर. बाइदेउंकडे स्वतःचं शेत होतं आणि बिहूसाठीचं पीठ त्या ढेकीवरच, म्हणजे पायाने चालवायच्या लाकडी उखळावरच, कुटायच्या, गिरणीच्या पिठाचा पिठा होत नाही म्हणायच्या.

आता या आसामी चिकट तांदळाचा तुमच्या थाई भाताशी काय संबंध म्हणाल तर तो आहे. आसामचे आहोम लोक मूळचे ताई नावाच्या वंशाचे, १२२८ मध्ये सुकाफा पाटकाईचे डोंगर उतरून आला तो त्यांचा पहिला राजा, आणि थायलंड-लाओसचे लोक त्याच मोठ्या ताई भाषाकुळातले. थायलंडच्या ईशान्य भागात, इसानमध्ये, आणि लाओसमध्ये हा चिकट भात म्हणजे रोजचं जेवण, आपली भाकरी समजा. हाताने छोटा गोळा करायचा आणि तिखट चटणीत किंवा भाजलेल्या मांसाबरोबर खायचा. त्यांचं भांडंही बघण्यासारखं असतं, खाली उंच अरुंद मानेचं पातेलं आणि वर बांबूची विणलेली टोपलीसारखी शंकू, तांदूळ पाण्याला शिवतसुद्धा नाही. म्हणजे तो भात शिजवायचा नसतो, वाफवायचा असतो! बाइदेउंकडेही तेच, खाली पाणी, वर भोकं असलेलं भांडं, मधल्या फटीला ओल्या फडक्याची पट्टी.

तर झालं असं की मे महिन्यात मी सुट्टीला गावी आलो. बाइदेउंनी निघताना दोन किलो बोरा साउल बांधून दिला, घरच्या शेतातला, "आईंना द्या" म्हणून. जोरहाटहून गुवाहाटी, तिथून रेल्वे, दोन किलो मी उशाशी घेऊन आलो. घरी पाहुणे होते, दादाची सासुरवाडीची माणसं. मी सांगितलं मी करतो, रात्रभर भिजवायला लागतो. वहिनी म्हणाल्या, भाऊजी तुम्ही बसा, भात करायला काय भिजवायचं असतं, आणि माझं आंघोळीला जाणं आणि त्यांनी कुकर लावणं एकच झालं. नेहमीसारखं दुप्पट पाणी, तीन शिट्ट्या. झाकण उघडलं तर भांड्यात गोळा, डाव घातला तर डावाबरोबर अख्खा भात वर. दादा पाहुण्यांसमोर म्हणाला, "ह्यो भात हाय का खळ? पोस्टरं चिकटवायला न्या." सगळे हसले. पुढे म्हणाला, आपलाच घनसाळ जादा पाणी घालून शिजवला की हेच होतंय, त्याला आसामपर्यंत कशाला जायला लागतंय.

उरलेला तांदूळ गाईला घातला. मी काही बोललो नाही. आईने तेवढा एक घास तोंडात घालून "गोडसर लागतोय" म्हटलं होतं.

वहिनींचा दोष नाही हे मी आज म्हणू शकतो, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पण दादाचं ते वाक्य चूक होतं आणि चूकच आहे. साध्या तांदळातलं स्टार्च दोन प्रकारचं असतं, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. नेहमीच्या तांदळात अमायलोज साधारण १५ ते ३० टक्क्यांपर्यंत असतं, जितकं जास्त तितका भात मोकळा. आपला इंद्रायणी आंबेमोहोराच्याच वंशातला, शिजल्यावर मऊ आणि जरा चिकट होतो, म्हणून आपल्याला वाटतं हाच तो. पण खऱ्या चिकट तांदळात अमायलोज जवळजवळ नसतंच, फार तर दोनेक टक्के. हा फरक बियाण्यातला आहे, पाण्यातला नाही. साधा तांदूळ जास्त पाण्यात शिजवला की दाणा फुटतो आणि बाहेरची पेज चिकटते, त्याला गिचका म्हणतात. चिकट भातात दाणा अख्खा राहतो, एकेक दाणा दिसतो, तरी सगळे एकमेकांना धरून असतात आणि हाताला मात्र फारसं लागत नाही. चावायला लागतो. दोन्ही एकच म्हणणं म्हणजे चिक्की आणि काकवी एकच म्हणण्यासारखं आहे. (आणि इंग्रजीत याला ग्लुटिनस राइस म्हणतात म्हणून काहीजण घाबरतात, गव्हातल्या ग्लूटेनशी त्याचा काही संबंध नाही.)

करायचा कसा ते सांगतो. दोन वाट्या तांदूळ, पाणी बऱ्यापैकी नितळ येईपर्यंत धुवायचा, रात्रभर भिजवायचा, घाई असेल तर चार तास, त्याच्या खाली नको. पूर्ण निथळायचा. मोदकपात्र सगळ्यांकडे असतंच, त्याच्या चाळणीवर ओलं मलमलचं फडकं घालून त्यावर तांदूळ पसरायचा, खालचं पाणी चाळणीला लागता कामा नये. पंचवीस मिनिटं, मध्ये एकदा फडक्यासकट उचलून गठ्ठा पालथा करायचा. दाणा दाबून बघा, मध्ये पांढरा कण राहिला नाही की झालं. तोवर एक वाटी घट्ट नारळाचं दूध, अर्धी वाटी साखर, अर्धा चमचा मीठ गरम करून ठेवा, उकळू नका, फुटतं. भात गरम असतानाच त्यावर ओतायचं, हलकं हलवायचं आणि झाकून वीस मिनिटं विसरून जायचं. आधी वाटेल फार पातळ झालं, नाही होत, भात पिऊन घेतो. दुधात भात शिजवायला मात्र जाऊ नका, रेसिपीच्या व्हिडिओत दाखवतात तसं, वरून चिकट आणि आतून कच्चा राहतो. वर भाजून कुरकुरीत केलेली मुगाची डाळ घालतात ती टाळू नका. आंबा हापूस घ्या, पण जरा कडक असतानाचा. पायरी नको, रस सुटतो.

थाई चिकट तांदूळ आपल्याकडे महाग मिळतो हे खरंय, पण आपल्याच देशात बोरा आहे, मणिपूरचा काळा चाखाओ आहे, तो ऑनलाइन सहज मिळतो. चाखाओ कोंड्यासकट असतो म्हणून भिजवायला आणि वाफवायला जास्त वेळ लागतो आणि रंग जांभळा येतो, नारळाच्या दुधाबरोबर तर मला तो थाई पांढऱ्यापेक्षा बरा वाटतो. थायलंडचाच पाहिजे असा हट्ट का ते मला कळत नाही.

आता दादाचं. ते खळीचं वाक्य आमच्याकडे इतकी वर्षं चाललं की मी कुठलाही भात केला तरी कुणीतरी म्हणायचंच. चार वर्षांपूर्वी पुतणी अकरावी सायन्सला होती, तिच्या पुस्तकात स्टार्चची आयोडिनची टेस्ट होती. माझ्याकडे अर्धा किलो बोरा साउल होता, मी म्हटलं चल. जखमेला लावायचं टिंक्चर आयोडिन पाण्यात पातळ केलं, एका बशीत घनसाळचे दाणे ठेचून, दुसऱ्या बशीत बोराचे, आणि दोन्हींवर थेंब टाकले. घनसाळ निळाकाळा झाला. बोरा तांबूस, विटकरी. अमायलोज असलं तर निळा येतो, नुसत्या अमायलोपेक्टिनला तांबडा. दादाला बोलावलं, काही न सांगता दोन्ही बशा पुढे ठेवल्या. त्याने चष्मा लावला, दोन्ही बशा खिडकीत नेल्या, मग आमच्या घनसाळचे अजून पाच-सहा दाणे स्वतः ठेचून स्वतः थेंब टाकला. निळाच.

त्या दिवशी भात मी केला, रात्रभर भिजवून, मोदकपात्रात. वहिनींनी बाजूला उभं राहून बघितला, मध्ये पालथा त्यांनीच केला. दादाने दोनदा घेतला आणि जेवण झाल्यावर विचारलं, "ह्येचं भात मिळंल काय, पेरायला?" मी बाइदेउंना फोन लावून दिला. पॉलिश केलेला तांदूळ उगवत नाही, तुसासकट पाहिजे. बियाणं पोस्टाने आलं, वाफ्यात टाकलं, आणि आमच्याकडे त्याने फुलोरा धरला पण दाणे निम्मे पोचट राहिले. दादाचं म्हणणं लावणीला उशीर झाला.

हो, एक राहिलं. हा भात पोटाला जड असतो आणि साखर झपकन वाढवतो, घरात कुणाला डायबेटिस असेल तर त्यांना दोन चमचेच द्या. फ्रिजमध्ये ठेवू नका, खडा होतो, ठेवलाच तर परत वाफवा. आणि आयोडिन लावलेले दाणे टाकून द्या, पोरांच्या हाताला लागू देऊ नका.