पहिल्या पसंतीच्या खाली काय लिहायचे?

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, म्हणजे एनडीएच्या, प्रवेश परीक्षेचे अर्ज वर्षातून दोनदा निघतात आणि त्या दिवसांत लातूरच्या माझ्या समुपदेशन कक्षात एक प्रश्न हमखास येतो. मुलाला पायलट व्हायचे आहे, तर हवाई दल, नौदल आणि लष्कर यांपैकी पहिली पसंती कोणाला द्यावी, आणि पहिल्या ठिकाणी जमले नाही तर बाकीचेही हातचे जाते का? येथे मी एकाच कुटुंबाची हकिगत सांगते. मुलाचे नाव बदलले आहे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

रोहित देवणी तालुक्यातला, अकरावी विज्ञान शाखेचा विद्यार्थी. कर्नाटकच्या हद्दीपलीकडे बिदरला हवाई दलाचा तळ आहे, जेथे भावी लढाऊ वैमानिकांना हॉक विमानांवर शिकवले जाते. लहानपणी तेथील विमाने पाहूनच त्याने आपले ठरवून टाकले होते. सोबत आई-वडील आले होते. वडील सोयाबीन आणि तुरीचे शेतकरी, बोलणे मोजके. त्यांनी सुरुवातच अशी केली: "मॅडम, हा म्हणतो फायटरच उडवणार. एकच गोष्ट लिहिली आणि ती हुकली तर लेकरानं काय करावं?"

मी आधी विषय विचारले, कारण आमच्याकडे नीटच्या तयारीसाठी गणित सोडून देणारी मुले पुष्कळ आहेत आणि तो निर्णय बहुधा दहावीच्या सुट्टीत, घाईत होतो. एनडीएतून हवाई दलात किंवा नौदलात जायचे तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते; लष्करासाठी कोणतीही शाखा चालते. रोहितचे गणित शाबूत होते. त्यानंतर उंची आणि डोळे. वैमानिकासाठी किमान उंची १६२.५ सेंटिमीटर आहे, पण पायांची लांबी ९९ ते १२० सेंटिमीटरच्या दरम्यान असावी लागते, हे फार थोड्या पालकांना ठाऊक असते. कॉकपिटमध्ये नीट बसता यावे, यासाठी हे माप आहे. दृष्टी आणि रंग ओळखण्याची तपासणी नेत्रतज्ज्ञांकडून आत्ताच करून घ्या, दोन वर्षे अभ्यास झाल्यावर नको, असे मी त्यांना आग्रहाने सांगितले. अहवाल चांगला आला.

खरी भीती मात्र सीपीएसएस या संगणकीय चाचणीची होती. मुलाखत मंडळाने शिफारस केल्यानंतर वैमानिकपदाच्या उमेदवाराला हात, डोळे आणि अवधान यांचा मेळ तपासणारी ही चाचणी द्यावी लागते आणि ती आयुष्यात एकदाच देता येते. त्यात अपयश आले तर हवाई दलाच्या उड्डाण शाखेचा मार्ग कायमचा बंद होतो, आणि नौदलातून विमान उडवण्याचा मार्गही बंद होतो. रोहितने हे कोठेतरी वाचले होते आणि तेव्हापासून त्याची झोप उडाली होती. त्याच्या समजुतीप्रमाणे ही चाचणी हुकली की एनडीएच हुकली. तसे नाही. गुणवत्ता यादीत स्थान असेल तर अर्जात पुढे लिहिलेल्या सेवांसाठी विचार होतो, आणि हवाई दलाच्या जमिनीवरील शाखांसाठीही होतो. मात्र त्यासाठी अर्जातच तशी तयारी नोंदवावी लागते. म्हणून पहिल्या पसंतीइतकेच तिच्या खाली काय लिहिले आहे, याला मी महत्त्व देते.

मी त्याला एक काम दिले. पसंतीक्रमाची यादी करायची, पण उड्डाण हा शब्द मनातून खोडून: विमान कधीच मिळाले नाही, तरी तीस वर्षे कोणत्या गणवेशात आनंदाने काढशील? तो गप्प झाला. आठवड्याने येतो म्हणाला.

त्या आठवड्यात तो गावातल्या एका निवृत्त हवालदारांकडे दोन संध्याकाळी जाऊन बसला. परतला तेव्हा यादीत लष्कर वर आले होते. शाळेत तो खो-खो संघाचा कर्णधार होता आणि माणसे बरोबर घेऊन काम करणे त्याला आवडते, हे त्याने प्रथमच उच्चारले. नौदल त्याने पार खोडले होते. कारण विचारले तर म्हणाला, "मॅडम, समुद्र मी पाहिलाच नाही." मराठवाड्यातल्या मुलाचे हे उत्तर प्रामाणिक आहे, पण खोडण्यासाठी ते पुरेसे नाही, असे मला वाटले आणि मी तसे बोलले. आयएनएस विक्रमादित्य आणि २०२२ मध्ये दाखल झालेली आयएनएस विक्रांत या विमानवाहू नौका नौदलाकडेच आहेत. फरक इतकाच की एनडीएतून नौदलात गेलेला अधिकारी आधी जहाजावरचे शिक्षण घेतो आणि वैमानिकी नंतर येते; समुद्र सोसणाऱ्यालाच ते मानवते. पदवीनंतर थेट नौदलाचा वैमानिक होण्याचा वेगळा मार्ग आहे.

हवाई दलातही फायटरची हमी कोणी देत नाही. लढाऊ, मालवाहू की हेलिकॉप्टर, हे हैदराबादजवळ दुंडिगलला असलेल्या हवाई दल प्रबोधिनीच्या प्रशिक्षणात गुणवत्ता आणि गरज पाहून ठरते. मालवाहू विमान मिळाल्यावर स्वतःला अपयशी समजणारा मुलगा आधीच दुःखाचा सौदा करतो, असे माझे मत आहे आणि ते मी रोहितपासून लपवले नाही. आणखी एक दार त्याला माहीत नव्हते: एनडीएत निवड झाली नाही, पण सीपीएसएसही दिलेली नसेल, तर पदवीनंतर वयाच्या २० ते २४ वर्षांत एएफकॅट या हवाई दलाच्या प्रवेश परीक्षेने उड्डाण शाखेसाठी पुन्हा प्रयत्न करता येतो.

आई इतका वेळ शांत होत्या. मग म्हणाल्या, "विमान पडतं ना मॅडम?" धोका नाही असे मी म्हणू शकत नव्हते. धोका आहे, पायदळात आहे आणि जहाजावरही आहे, इतकेच मी सांगितले, आणि रोहितला त्यांच्यासमोरच विचारले की आईच्या या भीतीबद्दल तुम्ही दोघे घरी कधी बोललात का. बोलले नव्हते. त्या दिवशी उरलेला वेळ मी त्यांनाच दिला.

अर्ज भरताना रोहितने हवाई दलाची उड्डाण शाखा पहिली, लष्कर दुसरे आणि नौदल तिसरे लिहिले, आणि हवाई दलाच्या जमिनीवरील शाखांसाठीही तयारी नोंदवली. लष्कराचेही स्वतःचे उड्डाण दल आहे, १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्थापन झालेले, आणि त्याची हेलिकॉप्टरे सियाचीनच्या चौक्यांपर्यंत जातात, हे सांगताना मी त्याच्या प्रशिक्षण संस्थेचा उल्लेख केला. ती नाशिकला आहे. निघताना दारात थांबून आईंनी विचारले, "नाशिकला लातूरहून रात्रीची गाडी असते का?"