आधी ढेकर काढायला शीक

अरे,

परवा फोनवर हळू आवाजात विचारलंस ना, "दादा, बाळाला हातात घेतलं पण आतून काहीच वाटलं नाही, नॉर्मल आहे ना हे?" तेव्हा मला हसूच आलं, कारण थोरलीच्या वेळी माझंही सेम. नर्सने दुपट्यात गुंडाळून दिली, सगळे म्हणतायत अगदी बापावर गेलीये, आणि माझ्या डोक्यात काय, तर बिल किती झालं असेल. बोललो नाही कुणाला.

मग आपली नेहमीची पद्धत, बायको माहेरी इस्लामपूरला. मी शनिवारी एसटीने जायचो, सासूबाई पोहे द्यायच्या, पोरगी पाच मिनिटं मांडीवर, रडली की लगेच कुणीतरी उचलून न्यायचं, जावईबापूंना कशाला त्रास! स्वतःच्याच पोरीकडे मी पाहुणा. तीन महिने असेच गेले.

खरी मजा पुण्याला आल्यावर, तीही रात्री अडीचला. बायको दमून झोपलेली, ही किरकिर करतीये, मी खांद्यावर टाकून पाठ थोपटत किचन ते बाल्कनी फेऱ्या मारतोय आणि एवढ्याशा त्या जिवाने पंगतीतून उठलेल्या आजोबांसारखा ढेकर दिला आणि माझ्याकडे बघून हसली. मी एकटाच अंधारात हसतोय. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, कुणाला काही विशेष वाटलं नाही.

तर प्रेम कधी येतंय याची वाट बघत बसू नकोस, कामं अंगावर घे. बाळ माणसाकडे बघून हसायला लागतं तेच मुळी ६ ते ८ आठवड्यांनी, त्यामुळे सध्या समोरून रिप्लाय येणार नाहीच. लंगोट, अंघोळ, ढेकर, जे मिळेल ते कर, चुकलं तर आई ओरडेल, ओरडू दे. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लशींना तूच घेऊन जा, टोचल्यावर बाळ तुझाच शर्ट धरून रडलं पाहिजे. आणि रजा! केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस पितृत्व रजा मिळते, खाजगीत तसा कायदाच नाही, म्हणून एचआरला आजच विचार, लाजू नकोस (मी लाजलो होतो, गाढव).

धाकटा आता अडीच वर्षांचा आहे. काल जेवण झाल्यावर माझ्याच पाठीवर चढून थोपटत म्हणाला, "बाबा, ढेकल दे." येत नव्हता, खोटा काढला.

तुझा दादा