‘बेचिराग’ की ‘बेचिराख’?

प्रश्न असा आला आहे: तालुक्यातल्या गावांच्या जुन्या यादीत एका नावापुढे ‘बेचिराग’ असं छापलं आहे. ही ‘बेचिराख’ची छपाईतली चूक आहे का? आणि ते गाव कधी जळालं होतं का?

चूक नाही, मूळ शब्द हाच आहे. फारसीत ‘बे’ म्हणजे विना आणि ‘चिराग’ म्हणजे दिवा. तिन्हीसांजेला जिथे एकाही घरात दिवा लागत नाही, ते गाव बेचिराग. महसुलाच्या दप्तरात निर्मनुष्य गावासाठी हा शब्द रूढ झाला. पुढे बोलताना ‘ग’चा ‘ख’ झाला, त्यात लोकांना ‘राख’ ऐकू येऊ लागली आणि अर्थही तिकडेच झुकला. आज बॉम्बहल्ल्यात शहर बेचिराख होतं म्हणतात, त्यात काही गैर नाही. तो अर्थ आता मराठीत पक्का रुजला आहे. दप्तरातलं बेचिराग गाव मात्र जळालेलंच असेल असं धरून चालू नका.

गावं ओस पडली ती बहुधा दुष्काळानं, रोगराईनं, फौजांच्या येण्याजाण्यानं. १६३०चा दुष्काळ दख्खनला फार जड गेला. १८०३-०४ साली नगर आणि खानदेशात होळकरांच्या फौजा, पेंढारी आणि दुष्काळ हे सगळं एकदमच आलं. अशी गावं पुन्हा वसवायला सरकार कौल, म्हणजे सवलतीचं अभयपत्र, देई: पहिली काही वर्षं शेतसारा नाममात्र, मग दरसाल थोडा थोडा चढता. या चढत्या साऱ्याला ‘इस्तावा’ म्हणत. काही गावं अशी पुन्हा उभी राहिली, काही कायमची उठली. पण माणसं गेली तरी शिवार राहतं. म्हणून मौजे म्हणून त्या गावाचं नाव, शीव, नकाशा आणि सातबारा आजही वेगळा असतो. जमीन कसणारे शेजारच्या गावात राहतात. विदर्भात अशा नावापुढे ‘रिठी’ लागतं. रीठ म्हणजे उठलेल्या गावाची जागा.

आता ती जागा सापडायची कशी? जवळच्या गावातल्या जाणत्या माणसाला ‘पांढरी कुठं आहे?’ एवढंच विचारा. काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. काळी-पांढरी मिळून गाव. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर घर टिकत नाही. म्हणून लोक उंचवट्यावर राहिले. मातीच्या भिंती पडत गेल्या, चुलीची राख, शेण, हाडं त्यात मिसळत गेली आणि त्याच जागी पुन्हा घरं उठली. अशा शेकडो वर्षांच्या थरांनी टेकाड चढतं आणि माती पांढुरकी होते. त्याची कड पावसानं कापली असेल तर जवळ जाऊन पाहा: राखेचा करडा पट्टा, त्याखाली सारवलेल्या जमिनीचे पापुद्रे, मधूनच खापराची कड बाहेर आलेली. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं खणलेली जागा म्हणजे अशीच पांढरीची टेकाडं, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची.

पांढरीजवळ बऱ्याचदा शेतात एकटाच उभा मारुती असतो, एखादा बुजलेला आड असतो, कधी झिजलेले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणाचे कोरीव दगड. गढी असेल तर तिचा बुरूज लांबूनच दिसतो. एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवा. पांढरीभोवती गावकूस होतं आणि महार-मांगांची घरं त्या कुसाबाहेर होती. त्यामुळे नुसतं टेकाड पाहून गाव पाहिलं असं होत नाही. बाहेरच्या वस्तीची जागा कुठली, हेही विचाराच. ती माहिती कागदापेक्षा माणसांकडेच जास्त मिळते.

आणि उशीर करू नका. ही माती माळवदावर आणि भिंतींना लोकांनी पूर्वीपासून वापरली, खत म्हणून शेतातही टाकली. पण तेव्हा ती गाड्यांनी जायची, आता जेसीबीनं एका दिवसात अख्खं टेकाड सपाट होतं. खापरं, मणी दिसले तर उचलून घरी नेऊ नका. जागच्या जागी फोटो काढा, गट क्रमांक टिपून घ्या आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा.