चोवीस महिने, सात पाळ्या

‘ताई, मी ३४ वर्षांची. दोन वर्षांपासून उपचार चालू आहेत. तीन आययूआय (शुक्राणू नळीने थेट गर्भाशयात सोडतात ते) फेल गेल्या. धाकट्या जावेला मात्र नुसत्या गोळ्यांवर तिसऱ्या महिन्यात दिवस गेले. सासूबाई म्हणतात, डॉक्टर बदला. तारखा, रिपोर्ट आणि घरची सगळी हकिगत सोबत पाठवतेय. अजून किती थांबायचं?’
– व., सांगली

प्रिय व.,
तारखा पाठवल्यास ते फार बरं केलंस. वहीच्या मागच्या पानावर मांडून बघितल्या. चोवीस महिन्यांत गोळ्यांच्या पाळ्या चार, आययूआयच्या तीन. बाकीचे सतरा महिने कुठे गेले? डॉक्टर बदलल्यावर त्याच तपासण्या पुन्हा करण्यात, नणंदेच्या लग्नात, ऐन दिवशी नवरा फिरतीवर असण्यात. दोष देत नाही गं, घरोघरी हेच चालतं. पण ‘दोन वर्षं करतेय’ हे मनातून काढ. सातदा केलंस.

कसलीच अडचण नसलेल्या पंचविशीतल्या जोडप्यालाही एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता चार-पाचांत एक. आययूआयमध्ये दर खेपेला साधारण शंभरात दहा-पंधरा. त्यामुळे तीन फेल जाणं यात नशिबाचं काही नाही. मात्र तीन ते सहा खेपांनंतर आयव्हीएफचा, म्हणजे शरीराबाहेर भ्रूण तयार करून गर्भाशयात सोडण्याचा, विषय निघतोच, आणि पस्तिशीनंतर बीजांची संख्या नि दर्जा दोन्ही झपाट्याने उतरतात. तुझा एएमएच (बीजांचा साठा सांगणारी रक्ततपासणी) चांगला आहे, पण तो संख्या सांगतो, दर्जा नाही.

जावेला पीसीओडी होता, असं तूच लिहिलंयस. तिचं बीज फुटत नव्हतं, गोळीने फुटलं. तुझं तर दर महिन्याला आपोआप फुटतंय, गर्भनळ्याही मोकळ्या आहेत. मग तिच्याशी तुलना कशाला?

मला खटकला तो वेगळाच कागद. नवऱ्याचा वीर्यतपासणीचा रिपोर्ट दोन वर्षांपूर्वीचा, ‘काउंट कमी’, म्हणजे शुक्राणूंची संख्या कमी. त्यानंतरचा एकही नाही, आणि खिशात तंबाखूची पुडी अजून आहेच म्हणतेस! आययूआयच्या दिवशी सॅम्पल वॉश केल्यावर, म्हणजे वीर्य धुऊन चांगले शुक्राणू वेगळे काढल्यावर, किती शुक्राणू मिळाले, याची नोंद क्लिनिककडे असते. तिन्ही वेळचे आकडे मागून घे. पुढची आययूआय करायची की थेट आयव्हीएफ, हे बरंचसं त्यावर ठरेल. पुडी आजच सुटली पाहिजे, कारण शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, फरक त्यानंतरच दिसतो. तेवढ्यासाठी उपचार मात्र थांबवू नकोस.

आयव्हीएफचं ठरलंच तर एका खेपेला दोन-तीन महिने धर. इंजेक्शनं दहा-बारा दिवसांचीच, पण भ्रूण गोठवले तर पुढच्या पाळीची वाट बघावी लागते.

डॉक्टर बदलायचं त्या आकड्यांवर बोलणं झाल्यावर बघू. सासूबाईंना काय सांगायचं ते तुझ्या नवऱ्याने सांगावं, तू नाही. आणि त्याला हेही सांग, की वीर्यतपासणीआधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचे असतात. फिरतीवरून गुरुवारी येतो ना? मग शनिवारची वेळ आजच घेऊन ठेव.