दिरांच्या कंपनीला जीएसटीची नोटीस: फ्लॅट तारण ठेवू नका

ताई, हिंगणा एमआयडीसीतल्या दिरांच्या प्रायव्हेट लिमिटेड फॅब्रिकेशन कंपनीत तुम्ही नावापुरत्या डायरेक्टर आहात. 2022-23 मध्ये पत्र्याच्या बोगस बिलांवर क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेतलं म्हणून जीएसटी कायद्याच्या कलम 74 ची नोटीस आलीय: कर 6 लाख, तेवढाच दंड, शिवाय व्याज. दीर म्हणतात, मनीषनगरचा फ्लॅट तारण ठेवून कर्ज काढा. तुम्हाला वाटतं, राजीनामा द्यावा.

राजीनाम्यानं मागचं सुटत नाही. ज्या काळातला कर, त्या काळातला प्रत्येक डायरेक्टर त्याच कायद्याच्या कलम 89 खाली येतो. कंपनीकडून वसुली झाली नाही, तर कर, व्याज, दंड सगळं डायरेक्टरांवर येतं, आणि तेही अर्धं-अर्धं नाही. पूर्ण रक्कम एकट्या तुमच्याकडूनही मागता येते. वसुली थकण्यामागे आपला घोर निष्काळजीपणा किंवा कर्तव्यात कसूर नव्हती, हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. ‘भाऊजींनी सांगितलं तिथे सही केली’ हे उत्तर तुमच्याच अंगावर येऊ शकतं.

म्हणून आधी दिरांकडून फाइल मागा. प्रत्येक बिलामागे ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन परवाना), वजनकाट्याची पावती आणि बँकेतून दिलेले पैसे सापडले, तर घाईनं पैसे भरू नका. सीएकडून उत्तर द्या, लढा. माल आलाच नसेल, तर मात्र एकेक दिवस महाग आहे. नोटीस निघाल्यापासून 30 दिवसांत कर, व्याज आणि 25 टक्के दंड भरला तर तेवढ्यावर भागतं, म्हणजे दंड 6 लाखांऐवजी दीड लाख. 18 टक्क्यांनी तीन वर्षांचं व्याज सव्वातीन लाखांच्या आसपास धरा. एकूण पावणेअकरा लाख.

पहिले पैसे कंपनीच्या खात्यातून आणि पार्ट्यांकडे अडकलेल्या उधारीतून निघू द्या. जे कमी पडेल तेवढंच तुमच्या 12 लाखांच्या एफडीतून कंपनीला कर्ज म्हणून द्या. फ्लॅटला हात लावू नका. डायरेक्टरनं कंपनीला कर्ज देताना ‘ही रक्कम उसनवारीची नाही’ असं लेखी द्यावं लागतं. बँकेचं कर्ज काढून दिलेत तर ते कसं लिहून द्याल?

पैसे दिरांच्या हातात देऊ नका. ते थेट कंपनीच्या जीएसटी चलनानं जाऊ द्या आणि डीआरसी-03 (कर भरल्याची नोंद करणारा जीएसटीचा फॉर्म) ची प्रत जवळ ठेवा. बोर्डाचा ठराव आणि कर्जाचा करार त्याआधी व्हायला हवा. राजीनामा त्यानंतर द्या, आणि तो कंपनी रजिस्ट्रारकडे नोंदला गेला याची पोच स्वतः घ्या.