बेयर्ड रस्टिन कोण होते आणि त्यांच्यावरचा माहितीपट पाहावा का?

रस्टिन हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीतले कार्यकर्ते. माहितीपट जरूर पाहा. ‘ब्रदर आउटसायडर’ हा 2003 सालचा माहितीपट आहे, नॅन्सी केट्स आणि बेनेट सिंगर यांचा.

या चळवळीचा 28 ऑगस्ट 1963 चा वॉशिंग्टन मोर्चा आपण मार्टिन ल्युथर किंग यांच्या भाषणामुळे ओळखतो. पण सुमारे अडीच लाख माणसं शांतपणे जमली, त्यामागचे मुख्य संघटक होते रस्टिन. सगळी तयारी जेमतेम दोन महिन्यांत झाली! 1956 मध्ये ते किंग राहत त्या माँटगोमेरी शहरात गेले तेव्हा किंग यांच्या घरात बंदुका होत्या. अहिंसा ही निव्वळ डावपेच म्हणून नव्हे, तर जगण्याची रीत म्हणून किंग यांच्यापर्यंत नेण्यात रस्टिन यांचा मोठा वाटा होता. त्याआधी, 1948 मध्ये, गांधीजींच्या हत्येनंतर काही महिन्यांतच ते भारतात येऊन गेले होते.

मग नाव मागे का पडलं? ते समलिंगी होते आणि ते लपवत नसत. विरोधकांनी त्याचं हत्यार केलंच, चळवळीतल्या काहींनीही त्यांना दूर ठेवलं. मला हा भाग सगळ्यात जास्त लागला. अन्यायाविरुद्ध लढणाऱ्यांनीच आपल्या माणसाला दाराबाहेर उभं करावं, हे बघवत नाही. तरीही ते काम करत राहिले.

ते गातही सुरेख. तो आवाज नक्की ऐका.