दोन झोनच्या फर्नेसला सेंट्रल एसी जोडायचाय, चार टनाचा घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीत १९८०च्या दशकातलं दुमजली घर घेतलंय, तळघरात ६०,००० बीटीयूची गॅस फर्नेस आहे, वर-खाली असे दोन झोन (वेगळा थर्मोस्टॅट असलेले भाग) आहेत आणि एसी अजिबात नाही. कंत्राटदार म्हणतो चार टनाचा बसवून देतो, झोनला हात लावायची गरज नाही.

हेच वाक्य मलाही ऐकवलं होतं, आणि मी मान डोलावली होती. पुढच्या जुलैत एका रात्री दोनच्या सुमाराला वरच्या बेडरूममध्ये वारा येईनासा झाला. तळघरात जाऊन बघतो तर फर्नेसच्या डोक्यावर बसवलेल्या एसीच्या कॉइलमधून निघणाऱ्या जाड तांब्याच्या नळीवर, फोम संपतो तिथे, बोटभर बर्फ. बाहेर रात्रीसुद्धा ऐंशी फॅरनहाइट. एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवला, तर तासाभरात तो सगळा बर्फ वितळला आणि पाणी खाली फर्नेसच्या कंट्रोल बोर्डावर. बोर्ड गेला.

झालं होतं असं. एसीला टनामागे साधारण ४०० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते, म्हणजे चार टनाला १६००, आणि ती ढकलतो फर्नेसचाच ब्लोअर, म्हणजे पंखा. रात्री खाली कुणी नसतं, त्यामुळे खालचा डँपर (डक्टमधली हवा अडवणारी झडप) बंद, फक्त वरचा झोन चालू. वर सहा इंची सहा पाइप. एकेकातून फार तर शंभर सीएफएम जाणार. उरलेली हजार कुठे जाणार? गावाकडे ज्यांनी उसाला दारं धरलीत त्यांना सांगायला नको: साडेसात एचपीची मोटर चालू ठेवून एकच दार उघडलं तर पाट फुटतो. इथे पाट फुटू नये म्हणून बायपास डक्ट ठेवलेला असतो. दाब वाढला की तो जास्तीची हवा परत रिटर्नमध्ये, म्हणजे घरातली हवा फर्नेसकडे आणणाऱ्या डक्टमध्ये, सोडतो. पण ती हवा आधीच गार झालेली असते. तीच पुन्हा कॉइलवर, पुन्हा आणखी गार, आणि शेवटी बर्फ. हिवाळ्यात हेच उलटं घडतं: फर्नेस जास्त तापते, लिमिट स्विच बर्नर बंद करतो, थोड्या वेळाने परत पेटवतो. घरात कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून ‘हिवाळ्यात तर झोन मस्त चालतात’ याला उन्हाळ्यात अर्थ नाही.

त्यात आणखी एक मेख. ज्या घरात फक्त हीटिंगचा विचार झालाय तिथे खाली भरपूर व्हेंट असतात आणि वर हात आखडता घेतलेला असतो, कारण गरम हवा आपसूक वर जाते. उन्हाळ्यात सगळं उलटं: छत तापतं, एसीची गरज वरच जास्त, आणि बारीक डक्टही वरच. म्हणून टनेज ठरवताना अख्खं घर बघून भागत नाही. एकटा वरचा झोन किती हवा पचवू शकतो, तेही बघायचं.

तुमच्या बाबतीत तर ६०,०००च्या फर्नेसला हीटिंगसाठी हजार-अकराशे सीएफएम पुरतात. तिचा ब्लोअर बऱ्याचदा तीन टनापर्यंतचाच असतो. मॉडेल नंबरवरून कळेल. तसं असेल तर चार टनाचा विषय तिथेच संपला. शिवाय मोठा एसी घर पटकन गार करून बंद पडतो आणि दमटपणा तसाच राहतो. अंग चिकचिकणारी ७२ डिग्री म्हणजे काय ते जर्सीच्या ऑगस्टमध्ये कळतं.

माझ्याकडे नंतर दुसरा मेकॅनिक आला. त्याने आधी डक्टला दोन भोकं पाडून दाब मोजला: फर्नेसच्या पाटीवर कमाल ०.५ इंच (हा दाब पाण्याच्या इंचात मोजतात), प्रत्यक्षात ०.९. त्याने बायपास बंद केला, वर दोन सहा इंची पाइप वाढवले, जिन्याच्या माथ्यावर छताजवळ एक रिटर्न काढला आणि डँपर पूर्ण मिटणार नाहीत असे लावले. पुढे मशीनही बदललं, टू-स्टेज तीन टनाचं. खालच्या स्टेजला ते जेमतेम दोन टनाचं काम करतं, म्हणजे ८०० सीएफएम, आणि वरचे आठ पाइप तेवढं घेतात. पहिल्या खेपेलाच हे केलं असतं तर पैसे वाचले असते, पण असो.

तुमचा झोन पॅनल (थर्मोस्टॅटचं ऐकून डँपर उघडणारा-मिटणारा बोर्ड) फक्त हीटिंगचा असेल तर तोही बदलावा लागेल. थर्मोस्टॅटमागची तार ओढून बघा. दोनच वायर दिसल्या तर भिंतीतून नवी पाच वायरची केबल आलीच. नव्या पॅनलला सप्लाय हवेचा (खोल्यांकडे जाणाऱ्या हवेचा) सेन्सर लावून घ्या, म्हणजे हवा फार गार झाली की कंप्रेसर थांबतो आणि ब्लोअर चालू राहतो. कॉइलखालच्या ड्रेन पॅनला फ्लोट स्विच (पाणी साचलं की एसी बंद करणारा) हवाच.

२०२५पासून अमेरिकेत नवी मशीन्स आर-४५४बी किंवा आर-३२ वर येतात. हे गॅस किंचित ज्वलनशील आहेत. गळती झाली की ब्लोअर चालू होऊन सगळे डँपर उघडायला हवेत, तशी वायरिंग झोन पॅनलला करावी लागते. हे कंत्राटदाराला विचाराच. तो गोंधळला तर दुसरा शोधा.

‘मॅन्युअल जे’ (Manual J, घराला किती गारवा लागतो याचा हिशेब) प्रत्येक खोलीचं मागा, अख्ख्या घराचा एक आकडा नको. वर डक्ट वाढवायला जागाच नसेल तर वरच्या मजल्याला मिनी-स्प्लिट लावून टाका. भारतात खोलीच्या भिंतीवर लावतात तेच ते, आणि खोलीगणिक वेगळं तापमान त्याच्याइतकं सोपं दुसऱ्या कशात मिळत नाही.

आता वर किती व्हेंट आहेत आणि तळघरातून वर जाणारे पाइप किती इंची आहेत ते मोजून कमेंटमध्ये टाका. सोबत फर्नेसच्या पाटीचा फोटो. मग टनेजचं बोलू.